दौलतमंगळ आणि तुळापूर

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलण्यासाठी आमचे नाव ठरले, तेव्हा आमच्याच बाजारातील मंडळी मोकळेपणी हसली. त्यांचे हसणे बरोबरच होते. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते रात्री, युनियनच्या खोलीत, कोणीतरी वाचून दिलेल्या पुस्तकांवर. उमेदीची सगळी वर्षे हमाल, मापाडी, तोलणार आणि कांदा निवडणाऱ्या बायका यांच्यात गेली. वजनमाप, हजेरी आणि मजुरी यांपलीकडे आमचा अधिकार नाही. तेव्हा वजनमापाच्या अंगानेच थोडा इतिहास सांगावा, असे आम्ही ठरविले आहे.

गेल्या वर्षी कोजागिरी होऊन चार दिवस झाले होते. बाजाराला सुट्टी होती. आम्ही चौदाजण दोन गाड्या भाड्याने करून सकाळी सहाला केडगावातून निघालो. जावयाचे दोन ठिकाणी. आधी डोंगरावरचा किल्ला, मग नदीकाठचे गाव. किल्ला म्हणजे यवतजवळचा दौलतमंगळ, आणि गाव म्हणजे भीमा-इंद्रायणीच्या संगमावरचे तुळापूर. दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी का, असे पुष्कळांनी विचारले. वाटेत महादेवाची दोन देवळे होतात, असे आम्ही तेव्हा सांगितले. खरे कारण असे, की या दोन्ही जागांवर एकाच माणसाचा हात फिरला आहे, आणि तो अवघ्या चार-पाच वर्षांत.

चौफुल्यावर चहा घेऊन सोलापूर रस्त्याने यवतला आलो आणि डावीकडे वळलो. पाऊस नुकताच सरला होता. डोंगराला अजून हिरवा रंग होता, पण गवताचे शेंडे पिवळे पडू लागले होते. गाडी वळणे घेत वर चढते आणि एकाएकी भुलेश्वराचे देऊळ पुढे येते. लोक या जागेला भुलेश्वर म्हणूनच ओळखतात. आम्ही एका किल्ल्यात उभे आहोत हे आमच्यातील निम्म्यांना दरवाजाचे आणि बुरुजाचे अवशेष दाखवल्यावर पटले. पडक्या तटाचे तुकडे गवतातून शोधावे लागतात.

देऊळ तेराव्या शतकातले, यादवांच्या काळचे. बाहेरून पाहावे तर साधे, घुमटाचे. आत शिरल्यावर समोर भिंत येते, बाजूच्या अंधाऱ्या पायऱ्यांनी वर जावे लागते, आणि मग काळ्या दगडातले ते कोरीव काम डोळ्यांपुढे उभे राहते. रामायण-महाभारतातले प्रसंग, हत्तीघोड्यांच्या रांगा, नर्तकी. पुष्कळ मूर्तींचे हात, चेहरे फोडलेले आहेत. एका ठिकाणी गणपती बाईच्या रूपात आहे. आमच्याबरोबरच्या बायका तेथून हलेनात. त्यांतली एक म्हणाली, "एवढं बारीक काम करायचं तर किती वर्सं डोळं फोडलं असतील, तात्या?" आम्हांस उत्तर देता आले नाही. देवळाबद्दल इतकेच सांगून पुढे जातो, कारण आमचा विषय त्याच्याभोवतीचा किल्ला आहे.

हा किल्ला मुरार जगदेव याने बांधला. मुरारपंत विजापूरच्या आदिलशाहीतला मोठा कारभारी आणि सेनानी. वजीर खवासखानाचा उजवा हात. १६३० च्या सुमारास शहाजीराजे निजामशाही, मोगल आणि आदिलशाही यांच्या कचाट्यात आपली पुण्याची जहागीर सांभाळून होते. विजापूरचा रोष त्यांच्यावर झाला, आणि त्या रोषाची किंमत पुण्याने मोजली. मुरारपंताच्या फौजेने पुणे जाळले, वाडे पाडले, कसब्याची वेस उद्ध्वस्त केली. गाढवाचा नांगर फिरवून पहार ठोकली, अशी आठवण पुण्याने जपून ठेवली आहे. शिवाजीमहाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे शिवनेरीवर पाळणा हलत होता त्याच काळात पुणे बेचिराख पडले होते. पुण्याला कारभार चालविण्याजोगी जागा राहिली नाही, तेव्हा मुलखावर नजर ठेवण्यासाठी मुरारपंताने हा डोंगर निवडला आणि देवळाभोवती तट घातला.

नजर ठेवण्यास जागा उत्तम आहे, यात वाद नाही. आम्ही बुरुजाच्या अवशेषावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले. खाली उसाचे पट्टे, त्यांतून जाणारा मुठेचा कालवा, मग रस्ता, मग लोहमार्ग. हा लोहमार्ग पुण्यापासून दिक्सळपर्यंत १८५८ च्या डिसेंबरात सुरू झाला. कालव्याचे पाणी ज्या खडकवासल्याहून येते ते धरण १८७९ चे. ही तिन्ही कामे मनातून पुसून टाका, म्हणजे मुरारपंताला दिसला तो मुलूख दिसेल: पाऊस पडला तर ज्वारी-बाजरी, न पडला तर काही नाही.

आणि त्या वर्षी पाऊस पडला नव्हता. १६३० ते १६३२ हा दख्खन आणि गुजरातचा मोठा दुष्काळ. शाहजहान त्या सुमारास बुऱ्हाणपूरला तळ देऊन होता. त्याच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी हा बादशहाची स्तुती लिहिणारा माणूस. पण त्यालाही लिहावे लागले की भाकरीच्या तुकड्यासाठी लोक आपला जीव विकावयास निघाले आणि घेणारा मिळेना. मुमताजमहल १६३१ च्या जूनमध्ये बुऱ्हाणपुरातच वारली. पुढच्याच वर्षाच्या सुमारास आग्र्याला ताजमहालाचे काम लागले. शाळेच्या पुस्तकात ताजमहाल एका धड्यात असतो, दुष्काळ असलाच तर दुसऱ्या धड्यात. मुले दोन्ही पाठ करतात आणि सनांची गाठ मारीत नाहीत.

आम्ही ती गाठ दौलतमंगळाच्या बुरुजावर मारून पाहिली. पुणे जळाले ते आणि किल्ला उभा राहिला तो काळ दुष्काळाला लागूनच आहे. जळालेल्या गावचा मनुष्य जातो कोठे? जेथे काम आणि पसाभर धान्य मिळेल तेथे. डोंगरावर दगड वाहणारे कोण होते याची यादी कोणी ठेवली नाही. पण अशा वर्षी मजूर किती स्वस्त होतो, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला यादीवाचून समजते.

येथे एक घरची गोष्ट सांगतो. १९७२ च्या दुष्काळात आमची आई खडी फोडावयास जात असे. आम्ही तेव्हा तीन-चार वर्षांचे, लुगड्याच्या झोळीत निजलेले. कामावर सुकडी मिळे. ती सुकडी आईने स्वतः किती खाल्ली आणि आम्हांस किती घातली, हा हिशेब तिने कधी सांगितला नाही. मजुरी मात्र खडीच्या मापावर. लाकडी चौकटीत खडी भरावयाची आणि मुकादमाने माप लिहावयाचे. आई सांगे, "भरून घ्यायचा शिगोशीग, अन् लिहायचा सपाट." वर जी शीग राही ती कोणाच्या वहीत जाई कोण जाणे. एका हंगामाची शीग गोळा केली असती तर आमच्या घरावर पत्रे चढले असते. त्या मुकादमाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तोही पोटासाठीच आला असेल. पण आम्ही युनियनमध्ये का गेलो असे कोणी विचारले, तर चौकटीवरची ती शीग आम्हांस आठवते. त्याच दुष्काळातून रोजगार हमी योजना वाढली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम मागेल त्याला काम, हे या महाराष्ट्राने देशात आधी लिहून दिले. मुरारपंताच्या काळी असे लिहून देणारा कोणी नव्हता. असो.

भाकऱ्या डोंगरावरच खाल्ल्या आणि खाली उतरलो. थेऊर फाट्यावरून मुळा-मुठा ओलांडली आणि केसनंद, लोणीकंद, फुलगाव करीत तुळापूरला पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले. ऊन चांगलेच होते, पण नदीकाठी आल्यावर सुसह्य झाले. घाटावर संगमेश्वराचे जुने देऊळ आहे. समोर पाणी तुडुंब भरलेले, संथ. भीमा, भामा, इंद्रायणी यांचा हा संगम, असे येथे सांगतात.

तुळापूरला जाणारा मराठी मनुष्य आधी संभाजीमहाराजांपुढे मस्तक लववितो, तसे आम्हीही लवविले. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने त्यांचा येथे जो वध केला, त्याविषयी या व्यासपीठावरून आमच्याहून अधिकारी माणसे बोलली आहेत. आम्ही त्याआधीच्या छप्पन्न वर्षांमागे जातो, तेव्हा या गावाचे नाव नागरगाव होते.

भाद्रपद अमावास्या, शके १५५५. त्या वेळच्या इंग्रजी पंचांगाने २३ सप्टेंबर १६३३. सूर्यग्रहणाचा दिवस. मुरारपंताने या संगमावर तुळादान केले. शेजारी शहाजीराजे होते. होय, तेच शहाजीराजे, ज्यांचे पुणे याच मुरारपंताने जाळले होते. मधल्या काळात दरबारची हवा फिरली होती. मोगलांनी दौलताबाद घेतले, निजामशाही बुडू लागली, आणि शहाजीराजांनी पेमगिरीवर एका निजामशाही मुलाला गादीवर बसवून डाव मांडला, त्याला मुरारपंताचे पाठबळ हवे होते. मोठ्यांची भांडणे अशी मिटतात. आम्ही वाटाघाटींच्या टेबलाशी पुष्कळदा बसलो आहोत, त्यामुळे शहाजीराजांना दोष देण्याचे धाडस करणार नाही. मनुष्याला ज्याने घर जाळले त्याच्याशीही बोलावे लागते. एवढेच मनात येते, की कसब्यात ज्याचे छप्पर जळाले त्याला या समेटाची बातमी कोणी आणि केव्हा सांगितली असेल?

बखरीतली गोष्ट तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. मुरारपंताने आपली तुळा केली, मग हत्तीचीही तुळा करण्याचे मनात आले. पण हत्तीला पारड्यात बसवावे कसे? तेव्हा शहाजीराजांनी युक्ती सांगितली. हत्ती नावेत चढवावा, नाव जेथवर बुडेल तेथे खूण करावी, हत्ती उतरवावा, त्या खुणेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरावेत, आणि मग दगड तोलावेत. तितके द्रव्य दान झाले आणि नागरगावचे तुळापूर झाले. हीच गोष्ट चीनमध्येही सांगतात. तेथे त्साओ त्साओ या सेनापतीचा लहान मुलगा त्साओ चोंग हीच युक्ती सुचवतो, आणि ती गोष्ट तिसऱ्या शतकातल्या इतिहासग्रंथात लिहिलेली आहे. म्हणजे ही युक्ती पुष्कळ देश हिंडली असावी. तरी तुळा झाली, आणि गावाने ते नाव आजवर सोडलेले नाही.

आम्ही ही गोष्ट घाटाच्या पायऱ्यांवर बसून मंडळींना सांगितली. आम्हांस वाटले, सगळे "वाहवा" म्हणतील. पण आमच्यातले एक वृद्ध तोलणार, ज्यांची हयात काट्यापाशी गेली, ते पाण्याकडे बघत बसले होते. त्यांनी विचारले, "हत्ती किती क्विंटलचा असतो?"

पूर्ण वाढलेला हत्ती चार टनांचा धरा, असे आम्ही म्हणालो.

"म्हंजी चाळीस क्विंटल. पन्नास किलोच्या ऐंशी गोण्या." त्यांनी बोटे मोजली. "आता बघा. दगड आधी काठावर आणायचे, ती एक उचल. नावेत भरायचे, दुसरी. नावेतनं काढून पारड्यात, तिसरी. पारड्यातनं बाजूला, चौथी. ऐंशी चोक तीनशेवीस गोण्यांची हमाली झाली. अन् हत्ती? तो आपल्या पायांनी चढला, आपल्या पायांनी उतरला."

मंडळी खो खो हसली. एक तरुण हमाल म्हणाला, "तात्या, वाराई, तोलाई कुणाच्या नावावर टाकायची? मुरारपंताच्या का शहाजीराजांच्या?" पुन्हा हसणे. पण हिशेब चुकीचा नव्हता. तीनशेवीस गोण्या म्हणजे एकशेसाठ क्विंटल, सोळा टन. एका हत्तीचे वजन कळण्यासाठी चार हत्तींचे ओझे माणसांनी उचलले. पूर्वी आमच्या बाजारांत शंभर किलोचे पोते एकट्याच्या पाठीवर येत असे. ते पन्नासावर आणावयास चळवळीची कित्येक वर्षे गेली. महाराष्ट्रात माथाडी आणि हमालांचा कायदा १९६९ साली झाला, आणि तो झाल्यावरही बाजारागणिक त्याच्यासाठी भांडावे लागले. तेव्हा शहाजीराजांची युक्ती ऐकून ज्याला आधी उचल आठवते, त्याला अरसिक म्हणू नये. ज्याच्या पाठीवर जे, त्याला ते दिसते.

आम्ही मात्र त्यांचे गणित ऐकता ऐकता नदीच्या वरच्या अंगाला पाहत होतो. भीमेला येऊन मिळणारी ही इंद्रायणी कोठून येते? आळंदीहून. त्याच्या वर देहू. दुष्काळाच्या त्या वर्षांत देहूत तुकोबा होते. महाजनकीचे घर, वाण्याचे दुकान. दुष्काळाने दिवाळे निघाले. पहिली बायको अन्नावाचून गेली, हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगात सांगून ठेवले आहे, मुलगाही गेला. पुढे विरक्ती आल्यावर त्यांनी एक गोष्ट केली, ती महिपतींनी लिहिली आहे. घरातली कर्जाची खते काढली. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची निम्मी त्याला दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत बुडविली.

वारीच्या कीर्तनात ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकली, ती वैराग्याची गोष्ट म्हणून. युनियनमध्ये आल्यावर ती निराळी ऐकू येऊ लागली. दुष्काळ सरतो तेव्हा कुणब्याचे खरे मरण सुरू होते, कारण पाऊस पडला की सावकार येतो. पोट भरण्यासाठी जे काढले ते व्याजासकट परत मागतो, आणि पहिलेच पीक घेऊन जातो. ज्याच्याकडे खते आहेत त्याने ती अशा वेळी पाण्यात सोडणे, हे आसपासच्या किती घरांना जगू देणे असेल! आणि भावाची निम्मी त्यांनी बुडविली नाहीत, हेही लक्षात घ्या. दुसऱ्याच्या हक्काचे दान त्यांनी केले नाही. इतका काटेकोर हिशेब मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या दातृत्वात आम्हांस सापडलेला नाही.

एकाच दुष्काळाच्या मागेपुढे एकाच नदीत हे दोन प्रकार झाले. खाली संगमावर हत्तीच्या वजनाचे द्रव्य वाटले गेले आणि गावाला नाव मिळाले. वर देहूत काही कागद भिजले. मुरारपंताचे द्रव्य ज्यांना मिळाले ते ग्रहणाचे दान घेणारे विद्वान होते. त्यांनाही पोट होते, आम्ही नाकारीत नाही. पण ते द्रव्य दौलतमंगळाच्या मुलखातूनच वसूल झालेले असणार, दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या रयतेकडून. वहीत शीग कोठे गेली हे ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला दानाची रक्कम ऐकली की आधी जमेची बाजू पाहावीशी वाटते.

मुरारपंताचे पुढे काय झाले, हे एका बाईने विचारले. दोनच वर्षांनी, १६३५ साली, विजापुरात खवासखान मारला गेला आणि पाठोपाठ मुरारपंताचेही हाल करून प्राण घेतले. पुणे पुन्हा वसले. शहाजीराजे १६३६ साली आदिलशाहीत गेले, जहागीर त्यांच्याकडे राहिली, आणि जिजाऊसाहेब व दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली लोकांना कौल देऊन बोलावून आणले. सोन्याचा नांगर फिरविला असे सांगतात. नांगर सोन्याचा असो वा लाकडाचा, त्याच्यामागून सारा माफ करून पडीक जमीन लावून दिली गेली, आणि माणसे परतली ती त्यामुळे. दौलतमंगळाची मग कोणाला गरज उरली नाही.

परतताना गाडीत कोणीतरी म्हणाले की आपल्या केडगावात असे काही घडलेले नाही, किल्ला नाही, संगम नाही. आम्हांस राग आला. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्याकडेला पडलेल्या, विकल्या जात असलेल्या शेकडो मुली-बायका गोळा करून त्यांनी येथे, आपल्या स्टेशनाजवळच्या माळावर आणल्या. त्यांच्या धर्मांतराविषयी लोक अजून वाद घालतात, घालोत. त्या मुली जगल्या. छापखाना चालवू लागल्या, माग चालवू लागल्या, विहिरी खणल्या गेल्या. रमाबाई १९२२ साली येथेच वारल्या. त्या माळावरून आमच्यातले निम्मे लोक रोज बाजाराला जातात. इतिहास पाहावयास दीडशे रुपये वर्गणी काढून गाडी करावी लागते, असे काही नाही, असे आम्ही जरा चढ्या आवाजात बोललो. मग गाडीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. चढा आवाज ही आमची जुनी खोड आहे.

उरुळीच्या पुढे अंधार पडला. वृद्ध तोलणार आमच्या शेजारी बसले होते. ते झोपले आहेत असे वाटत होते, पण यवत मागे पडल्यावर त्यांनी डोळे उघडून उजवीकडे डोंगराच्या काळ्या रेघेकडे पाहिले आणि विचारले, "तात्या, हत्तीच्या वजनाचे ते दगड, तोलून झाल्यावर त्यांचं काय केलं?"

बखरीत ते लिहिलेले नाही, असे आम्ही म्हणालो.

"तिथंच पडले असतील काठाला," ते म्हणाले. "आपण बसलो होतो त्यातलाच एखादा असंल."

साडेआठला केडगाव आले. दुसऱ्या दिवशी कांद्याची आवक भारी होती. पहाटे पाचला सगळेजण काट्यावर हजर होते.